तोंडी हुकूम

"पण हुकुमावरचं अक्षर तर तुमचंच आहे," नागपूरहून आलेले चौकशी अधिकारी म्हणाले.

"माझंच," सोमाजीराव थकलेल्या आवाजात म्हणाले. "बारा वर्षांच्या सगळ्या हुकुमांवर माझंच आहे. राजेसरकार कागदाला हात लावत नसत. शेवटी शेवटी तर माझ्याशिवाय कोणाला भेटतही नसत. ते सांगायचे, मी बाहेर येऊन लिहायचो, शिक्का मारायचो. राजा बोले, दळ हाले. मी आपला दळातला."

त्रेपन्न सालचा उन्हाळा होता आणि अहेरीच्या डाक बंगल्यात चौकशीचा तिसरा दिवस. जंगलापलीकडचं एक छोटं संस्थान विलीन झालं होतं, राजा त्याआधीच वारला होता. मागे उरले होते त्याचे दिवाण, सोमाजीराव. नथ्थू नावाच्या गावकऱ्यानं वेठबिगार नाकारली म्हणून सेहेचाळीस साली त्याला फासावर दिलं होतं. हुकूम राजाचा ठरला तर दिवाण आज घरी जाणार होते. नाहीतर खुनाचा खटला.

नथ्थूची बायको मनकर्णा भिंतीशी बसली होती. मेलेल्या राजाकडे बोट दाखवून जिवंत माणसं हात झटकतात, याची तिला मनस्वी चीड होती.

दुसऱ्याचे शब्द वाहून वाहून माणूस किती दमतो, हे सोमाजीरावांनी दोनदा सांगितलं. ऐकून अधिकाऱ्यांनाही वाईट वाटलं.

शेवटचा साक्षीदार दिवाणांनीच बोलावला होता. बुधरी, राजाला जेवू घालणारी म्हातारी. महालाची रीत तिच्या अंगात मुरलेली. विचारलं तेवढंच बोलायचं.

"दिवाणसाहेब रोज राजेसाहेबांकडे जायचे?"

"जात होते, साहेब."

"नथ्थूचा हुकूम निघाला त्या दिवशी?"

"त्याई दिवशी. मी तिथीच होती."

"आणि बाहेर येऊन लिहिला?"

"हो जी."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "झालं. दिवाणसाहेब, आता तुम्ही घरी जा."

सोमाजीरावांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, मले एक विचारू द्या," मनकर्णा उठत म्हणाली.

"विचारा, बाई."

ती बुधरीसमोर जाऊन उभी राहिली. "माह्या घरधन्याचं नाव दिवाणानं घेतलं, तवा राजाच्या तोंडातून काय निंगालं?"

"लाळ," बुधरी म्हणाली. "मीच पुसली. लकव्यानं सरकारची वाचा जाऊन तवा तीन सालं झाली होती, बाई."