गावाची ओळ

आरमोरीच्या बाजारात शिरीनचं टायपिंगचं दुकान होतं. वाघाच्या हल्ल्यात दगावलेल्यांच्या भरपाईच्या अर्जाचा नमुना नव्याने करून घ्यायला वनकार्यालयातले गोपालबाबू तिच्याकडे आले होते. जुन्या अर्जात नुसत्या टिंबांच्या ओळी होत्या. त्यांवर नाव टाइप केलं की टिंबं पुढे सरकायची आणि सगळं पान विस्कटायचं. शिरीनने संगणकावर अर्जात तक्ता घातला आणि त्याच्या फक्त खालच्या रेघा ठेवल्या. आता काहीही लिहिलं तरी रेघ जागची हलत नव्हती.

"भरून पाहा," म्हणत बाबूंनी सोबत आणलेल्या रुखमाबाईला पुढे बसवलं. तिचा नवरा वारलू परवा तेंदूपानं तोडायला जंगलात गेला होता.

शिरीनने वारलूचं नाव लिहिलं. मग हळूच विचारलं, "बाई, ओळख कशावरून पटली?"

"पायावरून," रुखमाबाई म्हणाली. "तेवढाच भेटला."

शिरीनने ते टाइप केलं. पुढची ओळ गावाची होती.

"ते गाव कोऱ्या अर्जातच छापून टाका," बाबू म्हणाले.

"काऊन? दुसऱ्या गावाले अर्ज लागला तं?" शिरीनने विचारलं.

"यंदा सारे याच गावचे हायेत. अजून लागतीनच. घडीघडी कुठी लिहीत बसता?"

शिरीनने गाव पक्कं करून प्रिंट काढली. रुखमाबाईने अंगठा लावला. शाई पदराला पुसत ती बाबूंकडे पाहत राहिली.

"म्हंजे बाबू, तो वाघ तुमी आमच्या इथून नेणारच नाई?"