रोज दोनच रानं

व्हिएन्नातल्या संशोधकांच्या परिषदेचा कार्यक्रम सोनियानं तिसऱ्यांदा चाळला आणि कपाळाला हात लावला. "आबा, पाच हजार माणसं येणार हायती. एकाच वेळी तीस दालनांत भाषणं. कुठं जावं, काय सुधरंना."

आटपाडीच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेले तिचे वडील ज्योतिबा हसले. "नव्या मुलखात समदी रानं धरायला बघायचं न्हाई. रोज दोनच धरायची, पर मेंढरं पोटभर चारायची. आदी पानी कुठं हाय ते बघून ठिवायचं. आन् दुपारी बसायचंच."

सोनियानं सगळं वहीत उतरवून घेतलं.

"आन् तू बोलनार कशावर?"

"तुमी मेंढरं घिऊन कोकणात जायचा, त्या वाटांवर."

ज्योतिबा चपापले. "मग मला इचारायचं न्हाई व्हय?"

"तीन वर्षं दर रविवारी फोन करून दुसरं काय इचारत व्हते, आबा?"

"मला वाटलं, बापाची याद येती तुला."

"ती बी येतीच की," म्हणत तिनं शोधनिबंधाचं पहिलं पान त्यांच्यापुढं धरलं. वर दोन नावं छापलेली होती. तिनं बोट ठेवून आधी त्यांचं वाचून दाखवलं.