पालथा घडा

"टाका थेंब," मी म्हणाले. आप्पांनी ड्रॉपर दाबला. कलत्या काचेवर पाण्याचा गोल मणी झाला आणि टुणकन घरंगळला.

माझे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर, पहिल्यांदाच माझ्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी चहाही टाकून पाहिला. मग काचेवर चिमूटभर तपकीर भुरभुरवून पुन्हा पाणी टाकलं. थेंब तपकीर घेऊन गेला!

"अळवाच्या पानावरून सुचलं," मी सांगितलं. "तसाच बारीक खडबडीत लेप दिलाय."

"म्हणजे पालथा घडाच की!" ते हसले. गणित चुकलं की अख्ख्या वर्गासमोर ते मला हेच म्हणायचे. आठवलं असावं, हसू ओसरलं. "माझं बोलणंही तुझ्यावरून असंच ओघळून जायचं, ना गं?"

मी काच पुसायला घेतली. ती कोरडीच होती.

"तेव्हा हा लेप कुठे होता, आप्पा?"