सातवा पापुद्रा

टेबलावर सहा फाटके पापुद्रे पडले होते. सातवा तेगुमवर चिकटवलेला होता. तेगुम म्हणजे बांबूची आडवी बासरी. तिच्या एका जादा भोकावर बोरूच्या पोकळीतून काढलेला हा पातळ पापुद्रा बसवतात. जोरात फुंकलं की तो थरथरतो आणि सूर झणझणतो.

त्या झणझणीसाठीच सिनेमाची संगीतकार मिन ग्योंग-जाने तेगुम निवडली होती. पडद्यावर एक बाई बोटीच्या धक्क्यावर उभी. बेपत्ता नवरा परत येतो, सगळं गाव टाळ्या वाजवतं, आणि हा आपला नवरा नाही हे फक्त तिलाच कळतं. इथे व्हायोलिन लावलं तर नुसतं दुःख होईल, हेगुम, ती दोन तारांची कोरियन सारंगी, तर बाईच्या आधीच रडायला लागेल. गळा आवळल्यासारखी भीती तेगुमच देऊ शकत होती.

"परत तेच," दिग्दर्शक प्यो म्हणाला. "ताई, झणझण कुठाय? ही तर गुराख्याची बासरी. बाई नवऱ्याला बघून खूश झाली की काय?"

"मला ऐकू येतेय."

"मला नाही." तो हसला. "आणि माझे हे कान सोलमधल्या सगळ्या स्टुडिओंना माहीत आहेत."

तिने संगणकावरच्या सुरांच्या आलेखाकडे बोट दाखवलं. चार हजार हर्ट्झच्या आसपास काहीतरी हलत होतं.

"तो वादकाचा श्वास आहे, ताई."

काचेपलीकडे बासरीवादक म्योंग उभा होता. तिने माइकचं बटण दाबलं. "म्योंगभाऊ, तुम्हीच सांगा बरं."

म्योंगने मान खाली घातली. "साहेब म्हणतात तसंच असेल. आणखी एक पापुद्रा लावतो."

ग्योंग-जाचं वय सत्तावन्न, त्यातली चाळीस वर्षं तेगुम ऐकण्यात गेलेली. सूर कानापर्यंत पोचला नाही तरी आठवण ती जागा भरून काढत असेल. असं होतं, तिने वाचलं होतं. मग गेल्या दोन-तीन सिनेमांतही तिने नसलेलेच सूर ऐकले होते का?

"शुक्रवारी मिक्सिंग आहे," प्यो म्हणाला. "त्याआधी कान तपासून घ्या. बिघडले असतील तर आख्ख्या सिनेमाचं संगीत दुसऱ्याकडे द्यावं लागेल. राग मानू नका."

"आजच जाते."

"मीही येतो. तुम्ही घरी जाऊन झोपाल, नाहीतर."

दवाखान्यातली तपासनीस बाई मशीनकडे वळून सांगत होती, "आवाज जितका मोठा करावा लागेल, तितका आकडा मोठा. पंचवीसच्या आत असेल तर कान ठणठणीत."

"काय म्हणालात?" प्योने विचारलं. ती वळली आणि त्याच्याकडे बघून पुन्हा बोलली. त्याने मान डोलावली.

ग्योंग-जा काचेच्या खोलीत बसली. टिंग ऐकू आलं की बटण दाबायचं. मधेच बराच वेळ काहीच येईना. फक्त छातीतली धडधड. मग अगदी बारीक, केसाएवढा एक आवाज. खरा की आठवणीतला? तिने बटण दाबलं.

ती बाहेर आली तेव्हा बाई कागद छापायच्या बेतात होती.

"थांबा," प्यो म्हणाला. "नुसत्या एका आकड्यावरून काय कळणार? तुलनेला एक धड कान नको का? माझेही मोजा. दोन्ही एकाच कागदावर छापा, म्हणजे ताईंना माझ्यावर संशय नको."

"साहेब, तुमच्या नावाची नोंद नाही..."

"मग करा की नोंद. प्यो मु-योल."

ग्योंग-जा खुर्चीत बसली. "मोजू द्या त्यांना," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी कागद आला. प्योनेच तो आधी हातात घेतला आणि मग तिच्यापुढे धरला.

चार हजार हर्ट्झ. मिन ग्योंग-जा : पंधरा डेसिबल. प्यो मु-योल : सत्तर डेसिबल.