तीन पायांचा कोंबडा

साप चावलेल्या मंगळीला घेऊन आम्ही जमीन मोजणीवाल्यांच्या जीपने पालघरच्या दवाखान्यात निघालो होतो. माझ्या शाळेतली, सात वर्षांची पोर. वाघोबाच्या खिंडीत जीपच्या मागच्या चाकांकडून करकर ऐकू येऊ लागली. रामकिसन ड्रायव्हर उतरून खाली वाकला.

"गुरुजी, मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं तेल गळून गेलंय. झाकणाचं पॅकिंग फाटलं. डब्यात तेल आहे, पण पॅकिंग कापायला जाड कागद हवा."

मंगळीने उराशी धरलेली वही मी हळूच सोडवून घेतली. तिच्या पुठ्ठ्यावर मंगळीने कालच कोंबडा काढला होता, तीन पायांचा. "तिसरा कशाला गं?" असं विचारलं, तर म्हणाली होती, "दमला का टेकायला." मी हसून शेजारी लाल शाईने बरोबरची खूण केली होती.

रामकिसनने झाकण खोललं आणि पुठ्ठ्यावर ठेवून त्याच्या कडेने कापलं. मधला भाग काढल्यावर उरलेल्या कड्यावर कोंबडा लाल खुणेसकट नेमका आला.

"जुनं पॅकिंग कोणी बसवलेलं?" मी विचारलं.

"काय माहीत. लष्कराच्या लिलावात गाडी घेतली, त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून हे झाकण कोणी उघडलेलं नाही."

त्याने जुना पुठ्ठा खरवडून माझ्या हातात दिला. मी तो धोतराला पुसला.

काळ्या तेलाखाली कोंबडा होता. मी पाय मोजले. शेजारी लाल खूण होती.

रामकिसनने नवं पॅकिंग त्याच्या शेजारी धरलं.

जीपमधून मंगळी म्हणाली, "गुरुजी, या येळी तरी पोचू ना आपून?"