मेणाचं छत

"गरम हवा आत तूच सोडलीस, दादा. खरं सांग."

भर दुपार होती. हॉलमध्ये सगळे घामाघूम होऊन फायलींनी वारा घेत होते. मालक दारात उभे होते, आणि धाकटी आपल्या सख्ख्या भावाला चारचौघांत जाब विचारत होती.

छत तिचं होतं. फळ्यांच्या पोटात खास मेण भरून तिने ते बसवून घेतलं होतं. दिवसा मेण वितळायचं आणि हॉलमधली उष्णता गिळायचं. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की गार वाऱ्याने पुन्हा थिजायचं. तळघरातलं एसीचं अवाढव्य यंत्र बंद ठेवता येईल, वीज वाचेल, असं ती छातीठोकपणे सांगायची. मालकांनी उन्हाळाभर करून बघायचं आणि रात्री पहारेकऱ्याला खिडक्या उघडायला सांगायचं कबूल केलं. हॉल खरंच गार राहिला. येणारे-जाणारे माना वर करून छत बघायचे.

ते यंत्र दादा चालवायचा. वडील गेल्यावर शाळा सोडून तो तळघरात उतरला, म्हणून धाकटी इंजिनीअर झाली. आता छत चाललं की दादाचं काम संपणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. 'घरचाच माणूस पाय ओढेल हो,' असं कोणीतरी तिच्या कानात घालूनही ठेवलं होतं.

"काल रात्री मी..." दादा बोलू लागला. त्याचे डोळे तांबारले होते. नजर मालकांमागे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे गेली आणि तो एकदम गप्प झाला.

धाकटीला तेवढं पुरलं. "हा इथे असेपर्यंत छत चालणार नाही," ती मालकांना म्हणाली.

दादाने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, डबा उचलला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हॉल जास्तच तापला. तिसऱ्या दिवशी मालकांनी यंत्र सुरू करायला बाहेरून माणूस बोलावला. चौथ्या दिवशी धाकटी सकाळीच आली आणि शिडीवर चढली. फळी कोमट लागली. आतलं मेण पातळच होतं. ते रात्री थिजलंच नव्हतं.

ती तडक पहारेकऱ्याकडे गेली. "काका, रात्री खिडक्या उघडत नाही का तुम्ही?"

"मालकांची सक्त मनाई आहे, ताई. तुमच्यासमोर ते हो म्हणाले, पण मागाहून मला बजावलं. खिडकी उघडी दिसली की नोकरी गेली समज, म्हणाले."

"मग इतके दिवस कोण उघडत होतं?"

काकांनी मान खाली घातली. "दादा. दिवसभर काम करून रात्री परत यायचे. चोरी होऊ नये म्हणून उघड्या खिडक्यांपाशी बसून राहायचे. त्या एका रात्री तेवढे तापाने फणफणत होते, म्हणून आले नाहीत."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, ताई. स्वतःची तर ते तुमच्यासाठी रोज रात्री घालवतच होते."