‘बाबा’ नावाची चाचणी

“ही एक काढून टाकू का गं, ताई? बाकीच्या सगळ्या पळतायत आणि ही आपली बसकण मारून बसलीये.”

धाकट्याच्या पडद्यावर हिरव्या खुणांची ओळ लागली होती. दवाखान्याची वेळ घरबसल्या ठरवायचं संकेतस्थळ आज दुपारी लोकांसाठी खुलं व्हायचं होतं. त्यात काही बदललं, की संगणकच खोटे रुग्ण होऊन फॉर्म भरायचा आणि कुठे अडतं ते दाखवायचा. आधी त्यात अर्धी सकाळ जायची. धाकट्याने खपून खपून ते काम चहा उकळण्याइतक्या वेळावर आणून ठेवलं होतं. फक्त शेवटची चाचणी लाल होती. तिचं नाव ‘बाबा’.

“काढ,” ताई म्हणाली. “पण आधी एकदा उघडून बघ. मी कालच लिहिलीये.”

त्याने उघडली. नावाच्या चौकटीत एक अक्षर पडलं. मग काहीच नाही. मग दुसरं.

“अडकली का?”

“अक्षर शोधतायत.”

आडनाव चुकलं, पुसलं गेलं, परत आलं. फोनचे चार आकडे पडले आणि पुन्हा सगळं थांबलं.

“आता?”

“चष्मा वर केला.”

धाकटा हसला. खुर्ची ओढून जवळ सरकला. तेवढ्यात फॉर्म नाहीसा झाला. ‘आपली वेळ संपली आहे. कृपया पुन्हा सुरुवात करा.’ रिकाम्या चौकटीत पहिलं अक्षर परत पडलं, मुकाट्याने.

त्याचं हसू विरलं. वेळ संपल्यावर फॉर्म नीट बंद होतो का, हे तपासायला दर खेपेला ताटकळावं लागायचं, म्हणून मुदत त्यानेच मिनिटाभरावर आणली होती. परत वाढवायची राहून गेली. त्याचे खोटे रुग्ण डोळ्याचं पातं लवायच्या आत फॉर्म भरून मोकळे व्हायचे. त्यांना काय कळणार?

“काल तीनदा पहिल्यापासून भरला बाबांनी; त्यांचाच वेग घातलाय हिच्यात,” ताई म्हणाली. “हाकसुद्धा मारली नाही मला. मग म्हणाले, राहू दे, माझाच हात चालत नाही आता. उद्या जाऊन रांगेत उभा राहीन.”

धाकट्याने कळफलक पुढे ओढला. मुदत पूर्वी होती तिथे नेऊन ठेवली आणि चाचण्या पुन्हा सोडल्या. शाळा सुटावी तशा हिरव्या खुणा पुढे पळाल्या. मागे एकटा ‘बाबा’ राहिला, काठी टेकावी तसा एकेक अक्षर टेकत.

आतल्या खोलीतून बाबा आले. जुन्या रिपोर्टांची पिशवी भिंतीला टेकवून दाराशी बूट घालायला बसले.

“थांबा जरा, बाबा,” ताई म्हणाली. “निघायचीच गरज पडणार नाही.”

“कालपण हेच म्हणाली होतीस.” ते नाडीशी झटत राहिले.

फोनचा शेवटचा आकडा राहिला होता. धाकट्याने पडद्यावरची नजर हलवली नाही. “सावकाश,” तो पुटपुटला, “सावकाश होऊ दे.”

“हो रे,” दाराशी वाकलेले बाबा म्हणाले. “मला कुठे घाई आहे?”